उन्हाळी शिबिरं: 'शासनमान्य' म्हणजे नक्की कोणी, काय तपासलं? (जळगाव-धुळे-नंदुरबार)

केळफूल (जळगाव)

नमस्कार मंडळी. परीक्षा संपत आल्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर शिबिरांच्या जाहिरातींचा नुसता पाऊस सुरू झालाय. पोहणं, स्केटिंग, मल्लखांब, अबॅकस, 'व्यक्तिमत्त्व विकास' हे दरवर्षीचं. यंदाचं नवीन म्हणजे शेतावरचं निवासी शिबिर. 'मोबाइल सोडा, मातीशी नातं जोडा' वगैरे. लेक चौथीत आहे, तिला हेच हवंय, कारण मैत्रीण चाललीय.

जागा बघायला गेले. फलकावर ठळक अक्षरांत 'शासनमान्य' आणि 'आयएसओ प्रमाणित'. विचारलं, शासनाने मान्य काय केलंय? तर लॅमिनेट केलेलं उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र पुढे आलं. ही नोंदणी फुकट असते, ऑनलाइन होते, आपणच भरलेल्या माहितीवर होते. पिठाच्या गिरणीलाही मिळते. आयएसओचं पाहिलं तर ९००१. ते गुणवत्ता व्यवस्थापनाचं. कागदपत्रं नीट ठेवता का, ठरवल्याप्रमाणे काम करता का, एवढंच. पोरांच्या जिवाचं त्यात काही नाही.

बाकी जागा छान. गोठा, वासरं, आंब्याखाली बाजा. मागे शेततळं. तीन बाजूंनी जाळीचं कुंपण, चौथी बाजू पाइप न्यायला म्हणून मोकळी. काळा प्लास्टिकचा कागद, पाण्याच्या काठाशी हात-दीड हात शेवाळाचा पट्टा. आत ना दोर, ना टायर, ना शिडी. मी म्हटलं, "दादा, पोरगं घसरलं तर वर येणार कसं?" ते म्हणाले, "ताई, पोरं तिकडे जातच नाहीत."

दहा वर्षांची वीस पोरं आणि एक पाण्याचं तळं, आणि ती तिकडे जातच नाहीत!

तर प्रश्न असा. कोणी तिऱ्हाईत माणसाने जाऊन तपासलंय आणि 'हो, इथे पोरं सुरक्षित आहेत' असं सांगितलंय, अशी काही सोय आपल्याकडे आहे का? नसेल तर तुम्ही काय बघून पोरं पाठवता?

शेवभाजी (धुळे)

आमच्या वेळी शिबिर म्हणजे मामाचं गाव. सुरक्षा अधिकारी आजी, साधनसामग्री चप्पल. आणि उन्हाळ्यात पांझरेला पाणीच नसायचं, त्यामुळे बुडायची सोय नव्हती. (हलकं घ्या.)

गंभीरपणे, ताई, तुम्ही शेततळ्यापर्यंत गेलात हेच विशेष. आमच्याकडे बाप लोक फाटकातूनच फी भरून परत फिरतात.

सातपुडा_भटक्या (चोपडा)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्धं आहे.

साहसी खेळ असतील, म्हणजे झिपलाइन, रॅपलिंग, कयाक, पॅराग्लायडिंग, तर राज्याचं साहसी पर्यटन धोरण लागू होतं. त्याचा शासन निर्णय ऑगस्ट २०२१ चा. जमीन, पाणी, हवा अशा तिन्ही प्रकारांसाठी आयोजकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. हे ऐच्छिक नाही. ऐच्छिक बाजूला महा अ‍ॅडव्हेंचर कौन्सिलसारखी संस्था आहे, त्यांनी सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं बनवली आहेत. जागतिक पातळीवर आयएसओ २११०१ हे साहसी पर्यटनाच्या सुरक्षा व्यवस्थापनाचं मानक आहे. म्हणजे फलकावर आयएसओ लिहायचंच असेल तर ९००१ ऐवजी हा आकडा शोधा. (तो मी आपल्या तीन जिल्ह्यांत एकाही फलकावर पाहिलेला नाही.)

पण चित्रकला, नाच, पोहणं आणि दोन रात्री मुक्काम असं साधं शिबिर भरवायला असा परवाना लागत नाही. तपासला जातो तो खेळ. त्या खेळाभोवतीचं शिबिर, म्हणजे झोपायची जागा, जेवण, संडास, गाडी, रात्री बारा वाजता पोरांजवळ कोण आहे, हे कोणीच बघत नाही.

एक गोष्ट नजरेला पडते म्हणून सांगतो. झिपलाइनवर लहान पोराला कमरेचा हार्नेस घातलेला दिसला तर थांबवा. आठ-नऊ वर्षांच्या आतल्या पोराची कंबर अरुंद असते, उलटं झालं तर निसटू शकतं. त्यांना छातीसकट पूर्ण अंगाचा हार्नेस हवा. गावच्या जत्रेतल्या पाळण्याला आपण विचारत नाही ते ठीक, पण इथे पैसे मोजतोय तर विचारा.

आम्हनं_गाव (साक्री)

आम्हना गावमा कोनतं शिबिर अन् कोनतं प्रमानपत्र भो! सुट्टी लागनी का पोरे सरळ विहिरीवर.

हे गमतीत नाही लिहिलं. आमच्याकडे पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर सुका भोपळा बांधून पोहायला शिकवतात. त्यात एक पक्का नियम असतो: वर काठावर बाप, काका नाहीतर थोरला भाऊ असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, मोटेचा दगड असतो. धरायला काहीतरी हाती लागतं. शेततळं ही त्याहून वाईट चीज. ओल्या कागदावर चांगला पोहणारा गडीसुद्धा वर चढू शकत नाही, हात घसरत राहतात. आम्ही चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर सोडून ठेवतो, एक टोक वरच्या खांबाला पक्कं. ट्रकची जुनी ट्यूब फुगवून आत टाकून ठेवतो. खर्च काहीच नाही.

केळफूल

दादा, ही गाठींच्या दोराची गोष्ट मी त्या शेतमालकांना फोनवर सांगितली. "करून घेऊ" म्हणाले.

भुसावळचं_ऊन (भुसावळ)

मी लहान मुलांची डॉक्टर आहे. पाण्याबद्दल वर आलंच आहे, मी उन्हाचं बोलते, कारण आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे येणारी शिबिरातली पोरं बहुतेक उन्हाचीच असतात. झिपलाइनवरून पडलेलं पोर क्वचित.

मैदानी भागात पारा ४५ ला पोचला की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. भुसावळ-जळगावात मे महिन्यात हा आकडा नवलाचा नाही. तो सावलीतला असतो. पत्र्याच्या शेडखाली, सिलिंग नसताना, दुपारी दोन वाजता काय होत असेल याचा विचार करा. वरून पत्रा भट्टीसारखा तापलेला असतो आणि खाली पोरं 'इनडोअर अ‍ॅक्टिव्हिटी' करत असतात. आयोजकाच्या मते ती सावलीत आहेत.

म्हणून शिबिराला माझा पहिला प्रश्न असतो: अकरा ते पाच पोरं कुठे असतील? खोलीत असतील तर छत कशाचं, कूलर किती, आणि वीज गेली तर काय. मैदानावरचे खेळ सकाळी सात ते साडेनऊ, फार तर दहा. 'मुलांना कणखर बनवतो' म्हणत बाराला परेड करून घेणाऱ्याकडे पाठवू नका, फी कितीही कमी असो.

पोराला तहान लागेल तेव्हा ते पिईल, या भरवशावर राहायचं नाही. खेळात पोर तहान विसरतं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी शिट्टी वाजवून सगळ्यांनी पाणी प्यायचं, हा नियम हवा. आणि एक चूक मी दरवर्षी बघते: ओआरएसचं मोठं पाकीट एका ग्लासात ढवळून पाजतात. ते एक लिटरचं असतं. ग्लासात केलं तर मीठ-साखरेचं प्रमाण भलतंच वाढतं आणि पोराचं नुकसान होतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

थकलेलं पोर आणि उष्माघात झालेलं पोर यातला फरक शिबिरातल्या निदान दोन माणसांना कळलाच पाहिजे. पोर असंबद्ध बोलायला लागलं, ओळख विसरलं, झटका आला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर ते साधं 'ऊन लागणं' नाही. ताप १०४ च्या वर गेलेला असतो. अशा वेळी गाडी येईपर्यंत वाट बघायची नाही. कपडे काढा, अंगावर पाणी ओता, पंख्याखाली घ्या, काखेत-मानेवर बर्फ. आणि १०८. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. कांद्याने आणि पन्ह्याने हे निभत नाही. पन्हं मलाही आवडतं, ते आधी प्या.

सातासमुद्रापार (न्यू जर्सी, मूळ अमळनेर)

इथली पद्धत सांगतो, उपयोगी पडेल. अमेरिकेत उन्हाळी कॅम्प हा मोठा धंदा आहे आणि अमेरिकन कॅम्प असोसिएशन ही संस्था १९१० पासून आहे. तिचं मानांकन पूर्णपणे ऐच्छिक. राज्य सरकारचा परवाना वेगळा, त्याचे नियम राज्याराज्यात वेगळे. असोसिएशनची मानकं तीनशेच्या आसपास आहेत. काही मानकं सक्तीची: त्यातलं एक जरी हुकलं तरी मानांकन नाही, बाकी सगळं उत्तम असलं तरी. तपासायला येतात ती बहुतेक दुसऱ्या कॅम्पची अनुभवी, प्रशिक्षण घेतलेली माणसं, आणि ती कॅम्प चालू असतानाच येतात.

मोठ्या माणसांचं प्रमाण आकड्यात ठरलेलं आहे. निवासी कॅम्पमध्ये सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक, नऊ ते चौदाच्या आठ मुलांमागे एक. दिवसाच्या कॅम्पमध्ये हेच अनुक्रमे आठ आणि दहा. केळफूलताई, तुमच्या त्या शेतावर वीस पोरांमागे कितीजण होते?

केळफूल

दोन 'ताया'. त्यातली एक बारावीची परीक्षा देऊन आलेली.

गिरणाथडी (चाळीसगाव)

@सातासमुद्रापार, परदेशातलं सगळं आदर्श असं कोणी समजू नये म्हणून लिहितो. ४ जुलै २०२५ ला टेक्सासमध्ये ग्वाडालुपे नदीला रात्रीत पूर आला आणि कॅम्प मिस्टिक या मुलींच्या कॅम्पमधल्या मुली आणि मार्गदर्शक मिळून २७ जणी गेल्या. राज्याच्या निरीक्षकाने दोनच दिवस आधी भेट देऊन 'आपत्कालीन आराखडा आहे' अशी नोंद केली होती. आराखडा होता, कागदावर. झोपायच्या खोल्या मात्र पूररेषेत होत्या. त्यानंतर सप्टेंबरमध्ये टेक्सासने कायदा केला की पूरक्षेत्रात खोल्या असलेल्या कॅम्पला परवाना नाही. वरातीमागून घोडं तिकडेही असतंच.

आपल्या शेजारचं आठवा. १८ जानेवारी २०२४, वडोदऱ्याचं हरणी तळं, शाळेची सहल, बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. पुढे मे महिन्यात राजकोटला गेमिंग झोनला आग लागली, सुट्टीचाच शनिवार, अग्निशमनचं ना-हरकत प्रमाणपत्रच नव्हतं.

आता कायद्याचं. वर कोणी म्हणालं की साध्या शिबिराला परवाना नाही. खरं आहे. पण याचा अर्थ नियमच नाहीत असा नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या कोणत्याही संस्थेने, शाळा असो, पाळणाघर असो, क्रीडा अकादमी असो की 'मुलांसाठीची इतर कोणतीही सोय', तिथल्या प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची. कायम असो की कंत्राटी, शिकवणारा असो की स्वयंपाकी. त्यांना बालसुरक्षेचं प्रशिक्षणही द्यायचं. शिबिरवाला म्हणेल, आमचं दहाच दिवसांचं. अहो, दरवर्षी भरवता, तीच माणसं आणता, मग पडताळणीला घोडं कुठे पेंड खातं? चारित्र्य पडताळणीचा अर्ज आता ऑनलाइन होतो.

आणि गैरप्रकार कळूनही 'संस्थेचं नाव खराब होईल' म्हणून दाबला, तर पॉक्सोच्या कलम २१ खाली संस्थेच्या प्रमुखालाच एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा नंबर शिबिराच्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेला असावा.

शेवटचा मुद्दा, संमतीपत्राचा. 'काही अपघात झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत' या ओळीखाली पालक मुकाट सही करतात. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल व्हायचा तो होतोच, तुमच्या सहीने तो थांबत नाही. ती ओळ खोडून सही करा. खोडू देत नसतील तर तेवढ्यावरून समजा काय ते.

मेहरूणची_बोरं (जळगाव)

इतका वेळ वाचत होते. मी स्वतः शिबिर घेते, त्यामुळे सगळे दगड माझ्याच अंगणात पडतायत असं वाटलं. दहा दिवसांचं सकाळचं शिबिर, फी दीड हजार. त्यात हॉलचं भाडं, नाश्ता, रंग-कागद, दोन मदतनीस. दर आठ पोरांमागे एक माणूस ठेवला तर फी दुप्पट होईल आणि पोरं शेजारच्या गल्लीतल्या स्वस्त शिबिरात जातील. तिथे चाळीस पोरांमागे एक माणूस आणि एक ब्लूटूथ स्पीकर आहे. पालक फी विचारतात, फोटो रोज टाकणार का विचारतात. पडताळणीचं आजवर मला एकाने विचारलेलं नाही. मी ती मदतनिसांची करून घेतली होती, कागद फाइलमध्येच राहिला.

मानांकन आलं तर मला हवंच आहे. पण ते पुण्याहून कोणी येऊन वीस-पंचवीस हजार घेऊन देणार असेल, तर ते मोठ्या रिसॉर्टवाल्यांनाच परवडेल आणि आमच्यासारखे 'मानांकन नसलेले' म्हणून संशयात.

शेवभाजी

ताई, मग तुम्हीच एकमेकांचं तपासा की. धुळ्याचे आयोजक जळगावला, जळगावचे धुळ्याला. अमेरिकेत तेच करतात असं वर लिहिलंय. प्रवासखर्च एसटीचा.

गिरणाथडी

उंटाच्या लग्नात गाढव गवई. 'अहो रूपम् अहो ध्वनिः'. तू माझ्या शिबिराला छान म्हण, मी तुझ्याला म्हणतो. दोघंही गळ्यात गळा घालून फलकावर 'मानांकित' लिहिणार.

सातपुडा_भटक्या

साहेब, शंका रास्त आहे, पण त्यावर उपाय आहे. तपासणीत जे सापडेल ते जसंच्या तसं सगळ्यांना वाचायला ठेवायचं. पास-नापास, तारे-बिरे काही द्यायचे नाहीत. 'शेततळ्याला चौथ्या बाजूला कुंपण नाही, आयोजक म्हणाले पंधरा दिवसांत लावू', एवढंच लिहायचं. पंधरा दिवसांनी लावलं की नाही त्याचा फोटो. खोटी स्तुती लिहिणाऱ्याचं नाव खाली असेल, उद्या काही झालं तर तोही तोंडघशी पडेल. आणि तपासणाऱ्या जोडीत एक माणूस आयोजक नसावा. डॉक्टर, शिक्षक, पालक, कोणीही, पण ज्याचं स्वतःचं शिबिर नाही असा.

आणि मानकं तीनशे नकोत. तीनशे कलमांचा तक्ता आला की लोक टिकमार्क करत सुटतात. आपल्याकडे पोरांना धोका कशाचा? ऊन, पाणी, रात्र, गाडी आणि मोठी माणसं. एवढं आधी नीट होऊ द्या.

रात्रीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण ते इथे आलं नाही. पाल, तोरणमाळ, पाटणादेवी, जिथे कुठे मुक्कामी नेतात तिथे पोरं सतरंजी अंथरून जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सुजतही नाही. पोर पहाटे पोटात दुखतंय म्हणतं, डोळे उघडत नाहीत, आणि मास्तर म्हणतात रात्री भजी जास्त खाल्ली. तोवर तास गेलेले असतात. म्हणून खाट नाहीतर निदान अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, आणि संडासच्या वाटेवर उजेड. आयोजकाला एकच विचारा: सापाची लस असलेलं सगळ्यात जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, आणि निघण्याआधी फोन करून साठा आहे का विचारलंत का? 'बघू, मिळेल' असं उत्तर आलं तर आपली पिशवी उचलायची. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, तिथे 'बघू' चालत नाही. गाडी रात्रभर जागेवर हवी, ड्रायव्हरसकट. पोरं सोडून ती दुसऱ्या भाड्याला गेली तर काय उपयोग?

भुसावळचं_ऊन

+१. तपासणाऱ्या जोडीत मी येते. रविवारी ओपीडी नसते.

आणि नोंदणी अर्जात पोराच्या आजारांचा रकाना हवा. दमा, फिट्स, अ‍ॅलर्जी, चालू औषधं. बरेच पालक लपवतात, 'घेणार नाहीत' या भीतीने. फिट येणाऱ्या पोराला पाण्यात उतरवलं जातं आणि काठावरच्याला माहीतच नसतं. हे आयोजकाकडून नाही, आपल्याकडून होतं.

आम्हनं_गाव

जेवणाचं कोणी बोललं नाही. फूड लायसनचा १४ आकडी नंबर स्वयंपाक करणाऱ्याकडे आहे का बघा. आणि मे महिन्यात दुपारचा डबा चार तास झाकून ठेवून संध्याकाळी वाढू नका. बाकी खान्देशात पोरं उपाशी राहत नाहीत, तो भाग सोडा.

केळफूल

सगळ्यांचे आभार. शेतावर परत जाऊन आले. दोर लागलाय, दोन बाजूंना. चौथ्या बाजूची जाळी 'मजूर मिळत नाही' म्हणून बाकी. पडताळणीबद्दल विचारलं तर जरा आवाज चढला: "आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं, दादा, विश्वास आहे म्हणूनच विचारायला आले, नाहीतर आलेच नसते. संमतीपत्रातली ओळ खोडली, त्यांनी काही म्हटलं नाही. जाळी आणि तिसरी मोठी बाई, या दोन गोष्टी झाल्याशिवाय पैसे भरणार नाही असं सांगितलंय. मैत्रिणीच्या आईनेही तेच सांगितलं. लेक फुरंगटून बसली आहे.

मेहरूणची_बोरं

माझ्यापासून सुरुवात करू. माझं शिबिर अजून भरायचंय, हॉल ताब्यात आलाय. येत्या रविवारी धुळ्याहून एक आयोजक आणि भुसावळच्या डॉक्टरबाई येतायत, काय सापडेल ते इथेच लिहितील, मी आधी वाचणार नाही. हॉलला पत्रा आहे, खाली थर्माकोलचं सिलिंग. सकाळी दहाला येतो म्हणाले होते, मी दुपारी दोनला बोलावलंय. ज्यांना यायचं त्यांनी या, पत्ता मेसेजवर देते. पाण्याची बाटली आपापली आणा, नळाचं पाणी त्या दिवशी येत नाही. टँकरचं आहे, तेही तपासायचंच आहे.